उभ्या माणसाचा हात

३ नोव्हेंबर

भावोजी,

पाकिटावरचं अक्षर वसाहतीतल्या पंपवाल्या काकांचं आहे, आतलं माझं. माझं अक्षर बघून तुम्ही पाकीट न फोडताच ठेवून द्याल अशी भीती वाटली, म्हणून ही लबाडी. तुमचा पत्ताही त्यांनीच दिला. नदी समुद्राला मिळते तिथल्या बोटींच्या कारखान्यात तुम्ही आहात, एकटे राहता, दाढी पिकलीय, एवढं ते म्हणाले. पुढेही सांगणार होते, पण मीच विषय बदलला.

आधी हे सांगते की आई आहेत. इतक्या वर्षांनी घरून पत्र आलं की माणसाच्या मनात पहिलं तेच येतं. त्यांच्या डाव्या डोळ्याला काही दिसत नाही, उजव्याला सावल्या दिसतात, जिभेची धार मात्र होती तशीच आहे. आमची चिऊ परगावी नोकरीला असते. तुम्ही गेलात तेव्हा ती तुमच्या खांद्यावरून खाली उतरायला तयार नसायची. आता विचारलं तर म्हणते, काका मला आठवत नाहीत. मी अजून इस्पितळाच्या धुलाईतच आहे. दिवसभर चादरी, संध्याकाळी आई.

लिहायचं कारण वेगळंच आहे. गेल्या आठवड्यात संग्रहालयातल्या एक बाई वसाहतीत आल्या होत्या. तरुण आहेत, दारात चपला काढून आल्या, आईंशी मोठ्याने बोलल्या. त्यांच्याकडे एक चित्र आलंय. नदीकाठी बसलेले कामगार, मागे नदी, अर्धा बांधलेला पूल आणि पलीकडे सगळं शहर. यातलं कुणी ओळखता का, म्हणून त्या फोनवर चित्र दाखवत दारोदार फिरत होत्या.

मी यांना एका नजरेत ओळखलं. चित्रात हे पाठमोरे आहेत. पण एका पायातला बूट काढून पाय दगडावर टेकवून दुसरं कोण बसणार? अंगठ्याचं ते दुखणं शेवटपर्यंत गेलं नाही त्यांचं. मग वेल्डर, त्याचा मेहुणा, बुटका, बाकीचे दोघे. सहाही जण. मी एकेकाचं नाव सांगत गेले आणि बाई लिहून घेत गेल्या. मग त्यांनी कडेच्या माणसावर बोट ठेवलं. तो एकटाच उभा आहे, हात पुढे केलेला. हा कोण, म्हणाल्या.

मी म्हटलं, ठाऊक नाही.

मला तुमच्याकडून काही नको. ते तुम्हीच ना, एवढंच कळवा.

वहिनी


१६ नोव्हेंबर

भावोजी,

उत्तर आलं नाही. येईल असं मीही धरून चालले नव्हते.

मी जाऊन ते चित्र बघून आले. सुट्टी घेतली, कामावर सांगितलं दाताच्या डॉक्टरकडे जायचंय. फोनवर तळहाताएवढं दिसलं होतं ते प्रत्यक्षात भिंतभर आहे. जवळ गेलं की नुसते रंगाचे फराटे. मागे सरकत सरकत गेलं की माणसं होतात. मी तिथल्या बाकावर बसले आणि बराच वेळ नुसती शहराकडेच बघत राहिले, कारण खाली बघवत नव्हतं. शहरावर ऊन पडलंय. गच्च्यांवर कपडे वाळत घातलेत, खिडक्या चमकतायत, धुरांड्यांतून धूर निघतोय. आणि अलीकडच्या काठावर सावली. सगळी माणसं सावलीत.

चित्राखाली पाटी होती, ‘विसावा’. काम करून दमलेले मजूर घटकाभर टेकलेत, असं त्याखाली चार ओळींत लिहिलेलं. बाई माझ्याशेजारी येऊन बसल्या आणि स्वतःच म्हणाल्या, पाटी चुकलीय असं मला वाटायला लागलंय. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, ऊन बघा, सकाळचं आहे. यांचे कपडे कोरडे आहेत, हात स्वच्छ आहेत, फावडी कोरडी आहेत. कामाला हात न लावताच कुणी दमेल का?

मग मी त्यांना सांगितलं. तुम्हाला वेगळं सांगायला नको, पण त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. मधल्या खांबासाठी नदीत लोखंडी पत्रे ठोकून, पाणी उपसून कोरडा खड्डा केला होता. पत्र्यांच्या बुडातून पाणी झिरपतंय म्हणून त्या सकाळी गँग खाली उतरायला तयार नव्हती. काठावर बसून राहिली होती. मग उतरली. तासाभरात पाणी फुटलं आणि सहांपैकी एकही वर आला नाही. बाईंनी विचारलं, बसून राहिलेली माणसं उतरली कशी?

हाच प्रश्न वसाहतीने तुम्हाला विचारला होता, भावोजी. मुकादम तुम्ही. वर उभे तुम्ही. चौकशीतही तुम्ही एकच वाक्य बोललात, ‘मी मुकादम होतो.’ आणि त्याच आठवड्यात निघून गेलात. मग लोकांनी उरलेलं आपापल्या मनाने भरून घेतलं. वेल्डरची बायको अजून म्हणते, सख्ख्या भावाला खड्ड्यात घातलं आणि स्वतः काठावर राहिला. काल तिलाही बाईंनी चित्र दाखवलं. ती म्हणाली, बघा, हात दाखवून उतरा म्हणतोय.

पण मी तो हात नीट बघितला. पंजा नुसता फराट्याने काढलाय, बोटं नाहीत. त्यामुळे तो खाली दाखवतोय असंही म्हणता येतं, आणि थांबा, जाऊ नका, असंही म्हणता येतं. जितकं बघत गेले तितका मला तो आडवा धरलेला हात वाटायला लागला. माणूस दारात आडवा हात धरतो तसा.

तुम्ही त्यांना अडवत होता का? असं असेल तर तुम्ही बोलला का नाहीत?

एक सांगते. ह्या घरात मी आले तेव्हा तुमच्या-माझ्या वयात वर्षाचंही अंतर नव्हतं. सायकल मला तुम्ही शिकवलीत. आईंची बोलणी मला हसत ऐकायला तुम्ही शिकवलंत. त्या दिवशी आमच्या घरातली दोन माणसं गेली. रडायची परवानगी मात्र एकासाठीच होती.

वहिनी


५ डिसेंबर

भावोजी,

चित्रकार जिवंत आहेत. बाईंनी पत्ता शोधला आणि आम्ही दोघी जाऊन आलो.

वरच्या मजल्यावर मुलीकडे राहतात. खोलीला तेलाचा आणि औषधाचा वास. हात थरथरतो म्हणून आता काढत नाहीत, खिडकीशी बसून असतात. मला वाटलं होतं त्यांना काही आठवणार नाही. पण त्यांना सगळं आठवतं, आणि तीच त्यांची अडचण आहे असं मला वाटलं. पूल उभा राहत होता त्या वर्षभर ते रोज सकाळी अलीकडच्या काठावर येऊन बसायचे. कामगारांशी ओळख नव्हती, पण कोण कसं चालतं, कोण कसं बसतं, हे ओळखायचे. त्या सकाळी सगळे एका जागी बसलेले दिसले म्हणून त्यांना आनंद झाला. एरवी ही माणसं एका जागी थांबतात कुठे? घाईघाईने कच्चं चित्र काढलं आणि ते घरी गेले. संध्याकाळी बातमी कळली. त्यानंतर दोन वर्षं त्यांनी ते भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं.

मी त्यांना उभ्या माणसाबद्दल विचारलं. तो काय करत होता? हात कशासाठी पुढे केला होता?

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, “बाई, मी लांब होतो. बोलणं ऐकू येत नव्हतं.”

“पण तुम्ही पाहिलंत ना?”

“पाहिलं. पण तो तिथे नव्हता उभा.”

मला कळेना. त्यांनी समजावून सांगितलं. तो माणूस खरं तर बसलेल्यांच्या अगदी जवळ, बूट काढलेल्या माणसाच्या पुढ्यात उभा होता. तसं काढलं असतं तर दोघांचे आकार एकमेकांत मिसळले असते. म्हणून पक्कं चित्र करताना त्यांनी त्याला उचलून कडेला नेलं. हात होता तसाच ठेवला. चित्रात माणसं सरकवावी लागतात, म्हणाले.

“आणि पंजा?”

“पंजा मला जमला नाही,” एवढंच म्हणाले.

जिन्यात बाई माझा हात धरून म्हणाल्या, वाईट वाटून घेऊ नका. मी म्हटलं, मला कशाचं वाईट वाटायचंय. पण खाली रस्त्यावर आल्यावर कुठल्या बाजूला जायचं ते सुचेना. एवढे दिवस मी त्या हातावर किती काय बांधलं होतं, आणि तो हात भलत्याच जागी होता.

तरीही मी म्हणते, यांच्या पुढ्यात उभे होता म्हणजे अडवतच असणार. उतरायला सांगणारा माणूस खड्ड्याच्या बाजूला उभा राहतो.

मला उत्तर द्या.

वहिनी


२२ डिसेंबर

भावोजी,

नवी पाटी लागली. त्यासाठी संग्रहालयाने छोटी सभा ठेवली होती. वसाहतीतले बरेच जण आले, गेलेल्यांच्या बायका पहिल्या रांगेत. आईही आल्या. त्यांना दोघींनी धरून नेलं. चित्राच्या अगदी जवळ उभ्या राहिल्या, तरी त्यांना नुसता उजेड आणि अंधार दिसला असणार.

बाईंनी मला बोलायला उभं केलं. चादरींना इस्त्री करणाऱ्या बाईने बोलावं तरी किती? पण बोलले. म्हटलं, ही माणसं विसावा घेत नाहीयेत. यांनी ‘नाही’ म्हटलंय. आणि हा उभा आहे तो माझा दीर. हा त्यांना जाऊ नका म्हणतोय, हात बघा.

माणूस कडेला सरकवलेला आहे, हे चित्रकारांचं बोलणं मी सांगितलं नाही. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, पण त्या गप्प राहिल्या. बहुतेक माझी दया आली असेल.

सभा संपल्यावर बुटक्याची बायको जवळ आली. एकोणीस वर्षांत तिने तुमचं नाव काढलं नव्हतं. तिने विचारलं, कुठे असतो तो? बरा आहे ना? वेल्डरची बायको मात्र चित्रापुढे उभी राहिली, आणि जाताना म्हणाली, असेलही. एवढी बाई ‘असेलही’ म्हणते म्हणजे काय, ते तुम्हाला कळेल.

मी हवेत होते. परत येताना बसमध्ये आईंना म्हटलं, ऐकलंत ना? धाकटा अडवत होता.

आई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. म्हणाल्या, “अडवणारा नव्हे तो.”

मी म्हटलं, असं काय बोलता, पोटचा आहे तुमच्या.

“पोटचा आहे म्हणूनच सांगते. विहिरीत डोकावायचं झालं तरी आधी थोरल्याला पुढे घालायचा. आणि थोरलाही जायचा.”

त्या रागावून बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

तुम्ही या. काय खरं ते मला तुमच्या तोंडून ऐकू द्या. वसाहतीत आता तुम्हाला कोणी दारातून हाकलणार नाही, याची मी हमी देते.

वहिनी


२० जानेवारी

भावोजी,

तुम्ही येऊन गेलात त्याला आठवडा होत आला. हे पत्र लिहायचं कारण शेवटी सांगते. आधी, तुम्ही जे बोललात ते मी इथे उतरवून काढते. त्या वेळी माझे कान धड काम करत नव्हते. काही चुकीचं ऐकलं असेल तर दुरुस्त करून पाठवा.

आईंचं म्हणाल तर मला अजून त्यांचा राग येतोय. तुम्ही दारात उभे राहिलात, त्यांनी हात लावून तुमचा चेहरा चाचपला, ‘म्हातारा झालास’ म्हणाल्या, आणि मला म्हणाल्या, त्याला वाढ. बस. एकोणीस वर्षं ज्या माणसाचं नाव काढू दिलं नाही, तो दोन शब्दांत घरात आला. मग तुम्ही जेवलात आणि मला म्हणालात, वहिनी, मला चित्र दाखवा.

संग्रहालयात दुपारी कोणी नव्हतं. तुम्ही पाटी वाचली. ‘नकार. काठावर बसलेले कामगार आणि त्यांना अडवणारा मुकादम.’ दोनदा वाचलीत. मग चित्राकडे पाठ करून मला म्हणालात, “वहिनी, हे काढायला सांगा.”

मी विचारलं, का?

तुम्ही सांगितलंत ते असं. मुकादम होऊन तुम्हाला तीन महिने झाले होते आणि ही तुमची पहिलीच गँग. सकाळी सगळे बसून राहिले. वरच्या साहेबांनी तुम्हाला बाजूला घेऊन सांगितलं की पंप चोख आहेत, माणसं उतरत नसतील तर दुसरा मुकादम आहे. पंप चोख नाहीत हे तुम्हाला माहीत होतं असं नाही, पण तशी शंका होती. तुम्ही येऊन आधी सगळ्यांना समजावलंत, मग शिव्या दिल्यात. कोणी हललं नाही. मग तुम्ही यांच्यासमोर जाऊन उभे राहिलात, कारण हे उठले तर बाकीचे उठतील हे तुम्हाला ठाऊक होतं.

“मी म्हटलं, दादा, तू तरी ऊठ. आणि हात पुढे केला. त्याला उठायला.”

तुम्ही तसाच हात पुढे करून दाखवलात. तळवा वर केलेला. तो पंजा चित्रकारांना का जमला नाही, ते मला तेव्हा कळलं. मदतीचा हात होता तो. त्याचं काय करायचं, हे लांबून बघणाऱ्याला कसं सुचणार?

मी विचारलं, हे काय म्हणाले?

“आधी बूट चढवला. मग म्हणाला, ‘पहिलीच गँग आहे ना तुझी?’ आणि माझा हात धरून उठला.”

पहारेकरी कोपऱ्यातून बघत होता. आपण दोघं शेजारी बसलो होतो आणि मला तुमचा गळा धरावासा वाटत होता, आणि त्याच वेळी तुमचा कोट खांद्यावर उसवलाय, तो शिवून द्यावा असंही वाटत होतं. हे मी कुणाला सांगू? म्हणून तुम्हालाच सांगते.

मला यांचाही राग आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. घरात बायको होती, तीन वर्षांची पोर होती. भावाचं मुकादमपण राहावं म्हणून माणूस पाण्यात उतरतो? एका सकाळपुरतं तरी त्यांनी तुम्हाला नाही म्हणायचं होतं. पण ते तसे असते तर मीही त्यांच्यासाठी एवढी वर्षं अशी बसले नसते. म्हणजे तेही गेलं, रागावायलाही धड जागा उरली नाही.

स्टँडवर तुम्ही विचारलंत, पुन्हा येऊ का? मी गाडीचा फलक वाचत राहिले. गाडी सुटली.

आता कारण. बुटक्याची बायको रोज विचारते, दीर येऊन गेला म्हणे, आम्हाला भेटला का नाही? तिने तुमच्यासाठी स्वेटर विणायला घेतलाय. मी तिला काय सांगू ते मला हवंय, आणि ते तुमच्या शब्दांत हवंय. वर लिहिलंय ते बरोबर आहे का?

वहिनी


९ फेब्रुवारी

भावोजी,

तुमचं कार्ड आलं. ‘सगळं बरोबर आहे. सांगून टाका.’ एवढंच. ठीक आहे, मीही तुमच्याकडून जास्त मागितलं नव्हतं.

मी आधी बाईंकडे गेले. सभेत मी जे बोलले ते खरं नव्हतं आणि चित्रकाराचं बोलणं मी दाबलं, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, मला माहीत होतं, तुम्ही स्वतः याल याची वाट बघत होते. पाटी काढलीय. नवीन काय लिहायचं यावर त्या अडल्यात. मी म्हटलं, काही लिहू नका, फक्त नावं लिहा. सहा आणि एक.

मग घरोघर गेले. सगळ्यांना एकत्र बोलावलं नाही, तसं केलं असतं तर माझ्याच्याने झालं नसतं. एकेकीच्या ओट्यावर बसून सांगितलं, तुम्ही म्हणालात तसंच, माझं काही न घालता. दोघींनी नुसतं ऐकून घेतलं. मेहुण्याची बायको म्हणाली, आता कशाला उकरून काढलंत, बरं चाललं होतं. बुटक्याची बायको सुया हातात घेऊन बसली होती. सगळं ऐकलं आणि स्वेटर उसवायला घेतला. तिथेच, माझ्यासमोर, ओळी-ओळीने. मी तिला थांबवलं नाही.

वेल्डरच्या बायकोकडे सगळ्यात शेवटी गेले, कारण तिची भीती वाटत होती. तिने चहा केला. म्हणाली, म्हणजे मी म्हणत होते तेच. मी हो म्हटलं. ती म्हणाली, “मग आता मला बरं का वाटत नाही गं?” आणि डोळ्याला पदर लावला.

तेव्हा आता तुमचं झाकलेलं काही राहिलं नाही. मी जी हमी दिली होती ती मागे घेते. वसाहतीत कोणी बोलणार नाही, कोणी दार लावून घेईल, कोणी तोंडावर बोलेलही. स्वेटर मिळणार नाही.

आई रोज विचारतात, पुढच्या महिन्यात येईल का? मी त्यांनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, नवीन काय सांगितलंस? आणि कूस बदलली. तोंड भिंतीकडे होतं, त्यामुळे रडल्या का ते मला कळलं नाही.

स्टँडवर तुम्ही विचारलं होतं त्याचं उत्तर देते. या. आईंचे दिवस थोडे आहेत आणि त्यांना त्यांचा धाकटा हवाय. पान मी वाढेन, अंथरूण घालेन. मी तुमच्याशी बोलेन की नाही, ते मला अजून ठाऊक नाही. बोलले नाही तर मनाला लावून घेऊ नका, आणि बोलले तरी सगळं मिटलं असं समजू नका.

दुपारच्या गाडीने या. मी तेव्हा कामावर असते. किल्ली शेजारी ठेवीन.

वहिनी